'सेटलमेंट' : एका इंग्रजी शब्दाची अनेक रूपे आणि महाराष्ट्राचा सामाजिक इतिहास

प्रस्तावना

ब्रिटिश राजवटीबरोबर जे अनेक इंग्रजी शब्द मराठी मुलखात आले, त्यांपैकी काही पूर्णपणे मराठी झाले, काहींना मराठी पर्याय मिळाले, तर काही शब्दांना प्रत्येक क्षेत्रात निराळा पर्याय द्यावा लागला. 'सेटलमेंट' हा या तिसऱ्या प्रकारातील शब्द होय. महसूल खात्यात त्याला 'जमाबंदी' म्हणतात, न्यायालयात 'तडजोड', भूगोलात 'वसाहत' आणि शेअर बाजारात 'व्यवहारपूर्ती'. बांधकामावरचा मिस्त्री मात्र 'पाया बसला' असे म्हणून मोकळा होतो. सोलापुरात तर हा शब्द कोणत्याही भाषांतराशिवाय एका वस्तीचे नाव होऊन बसला आहे. एकाच शब्दाला मराठीत इतके पर्याय का लागले, आणि एका ठिकाणी पर्याय का मिळाला नाही, या प्रश्नांचा शोध घेताना केवळ भाषेचा नव्हे, तर जमीन, जंगल आणि माणूस यांच्यावरील सत्तेचाही इतिहास उलगडतो. प्रस्तुत निबंधात या शब्दाच्या प्रमुख अर्थांचा ऐतिहासिक दृष्टीने परामर्श घेतला आहे.

शब्दाचे मूळ आणि इंग्लंडमधील अर्थविस्तार

'सेटल' या क्रियापदाचे मूळ जुन्या इंग्रजीतील आसनवाचक शब्दात आहे. 'बसणे' या अर्थाच्या ज्या प्राचीन इंडो-युरोपीय धातूपासून तो आला, त्याच धातूचे संस्कृत रूप 'सद्' असे आहे. 'सदन', 'संसद', 'परिषद' आणि 'उपनिषद' हे शब्द या धातूपासून सिद्ध झाले. म्हणजे 'सेटलमेंट'चा मूळ भाव 'बसणे' किंवा 'बसवणे' असा आहे. या दोन क्रियापदांत मोठे अंतर आहे. माणूस स्वतः बसतो तेव्हा तो कर्ता असतो, त्याला कोणी बसवतो तेव्हा तो कर्म होतो. या शब्दाचा पुढील सारा इतिहास या दोन टोकांमध्ये फिरतो.

सतराव्या शतकातील इंग्लंडमध्ये हा शब्द कायद्याच्या भाषेत तीन वेगवेगळ्या प्रसंगी ठळकपणे आढळतो. १६५२ मध्ये क्रॉमवेलच्या राजवटीत आयर्लंडच्या 'सेटलमेंट'चा कायदा झाला. त्याचा प्रत्यक्ष अर्थ आयरिश कॅथलिक जमीनदारांच्या जमिनी जप्त करणे असा होता. १६६२ च्या कायद्याने गरीब माणसाचे 'सेटलमेंट' कोणत्या पॅरिशमध्ये आहे हे ठरवण्याची व्यवस्था लावली. परक्या पॅरिशमध्ये आलेला आणि वर्षाला दहा पौंडांपेक्षा कमी भाड्याच्या जागेत राहणारा माणूस पुढे सार्वजनिक मदतीचा भार होईल असे वाटल्यास, चाळीस दिवसांच्या आत तक्रार करून त्याला मूळ पॅरिशमध्ये परत धाडता येत असे. अॅडम स्मिथने १७७६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात या व्यवस्थेवर कठोर टीका केली. मजुराला काम मिळेल तेथे जाण्याचे स्वातंत्र्य ती हिरावून घेते, हा तिच्यावरील त्याचा मुख्य आक्षेप होता. १७०१ च्या तिसऱ्या कायद्याने इंग्लंडच्या गादीचा वारसा प्रॉटेस्टंट घराण्याकडे राहील असे निश्चित केले.

जप्ती, गरिबांचे नियंत्रण आणि राजगादीचा वारसा या तीन अगदी भिन्न गोष्टींना एकच शब्द लावला गेला. 'अनिश्चित असलेली गोष्ट अधिकाराने कायमची निश्चित करणे' हे त्या तिन्हींमधील समान सूत्र होय. ईस्ट इंडिया कंपनीबरोबर हा शब्द हिंदुस्थानात आला, तो हे सूत्र बरोबर घेऊनच.

महसुलातील 'सेटलमेंट' : जमाबंदी

कंपनीच्या कारभारात हा शब्द प्रथम जमीनमहसुलाच्या संदर्भात रूढ झाला. लॉर्ड कॉर्नवॉलिसने १७९३ मध्ये बंगालमध्ये केलेल्या व्यवस्थेला मराठीत 'कायमधारा' म्हणतात. उत्तर हिंदुस्थानात या शब्दासाठी 'बंदोबस्त' हा फार्सी पर्याय वापरला गेला. मराठीतही 'बंदोबस्त' हा शब्द होता आणि आहे, परंतु येथे त्याला व्यवस्था, पहारा आणि नियंत्रण अशी छटा आली. त्यामुळे आज 'बंदोबस्त' म्हटल्यावर मराठी माणसाला शेतसारा न आठवता पोलीस आठवतात. महसुलाच्या अर्थाने मराठीने 'जमाबंदी' हा शब्द स्वीकारला. पुण्यातील संबंधित अधिकाऱ्याच्या इंग्रजी पदनामात आजही 'सेटलमेंट' हा शब्द आहे आणि त्याचे मराठी पदनाम 'जमाबंदी आयुक्त आणि संचालक, भूमी अभिलेख' असे आहे.

मुंबई इलाख्यातील जमाबंदीची सुरुवात अपयशाने झाली. पेशवाईच्या अस्तानंतर प्रिंगल या अधिकाऱ्याने पुणे परिसरात निव्वळ उत्पन्नाच्या सिद्धान्तावर आकारणी केली. ती प्रत्यक्षात पेलवण्याजोगी नव्हती आणि अनेक ठिकाणी शेतकऱ्यांनी जमिनी सोडून दिल्या. त्यानंतर १८३५-३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि लेफ्टनंट विंगेट यांनी नव्याने मोजणी हाती घेतली. तिच्यातून तयार झालेली पद्धत डेव्हिडसन यांच्यासह या अधिकाऱ्यांनी सादर केलेल्या १८४७ च्या संयुक्त अहवालाने पक्की झाली. शेताला क्रमांक देणे, ३३ फुटी साखळीने मोजणी करणे, मातीचा पोत आणि खोली पाहून तिची प्रत आण्यांत ठरवणे आणि त्यावरून बसवलेला सारा ३० वर्षे कायम ठेवणे ही तिची प्रमुख अंगे होती. ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद म्हणजे एक गुंठा आणि ४० गुंठे म्हणजे एक एकर हे कोष्टक मराठी शेतकऱ्याच्या तोंडी या व्यवस्थेनेच बसवले.

या जमाबंदीचा लाभ नाकारता येत नाही. सारा आधी ठाऊक असल्यामुळे दरवर्षीच्या मनमानी आकारणीला आळा बसला आणि खातेदाराला जमीन धारण करण्याचा, विकण्याचा व सोडण्याचा स्पष्ट अधिकार मिळाला. परंतु जी जमीन विकता येते ती गहाण टाकता येते, आणि जी गहाण टाकता येते ती जाऊही शकते. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, म्हणजे १८६१ ते १८६५ या वर्षांत कापसाचे भाव चढले आणि शेतकऱ्याची पत वाढली. भाव उतरल्यानंतर कर्ज तेवढे मागे राहिले. नेमक्या याच सुमारास इंदापूरसह अनेक तालुक्यांत तीस वर्षांची मुदत संपून फेरआकारणी सुरू झाली आणि सारा वाढला. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथून सुरू झालेल्या उठावात शेतकऱ्यांनी सावकारांकडील कर्जरोखे जाळले. त्यामागे सावकारी आणि जमाबंदी ही दोन्ही कारणे होती. १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा हा त्या उठावाचाच परिणाम होय. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८३ मध्ये पूर्ण केलेल्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात पैमाषीच्या निमित्ताने होणाऱ्या सारावाढीचा आणि तीत सामील असलेल्या कामगारवर्गाचा समाचार घेतला आहे. सरकारच्या दृष्टीने जी गोष्ट 'निश्चित' झाली होती, ती कुणब्याच्या दृष्टीने दर तीस वर्षांनी टांगणीला लागत होती.

याच काळात इनामदारांच्या बाबतीतही हा शब्द वापरला गेला. १८५२ च्या कायद्यानुसार इनाम कमिशनने जुन्या सनदांची कसून तपासणी केली आणि अनेक इनामे खालसा झाली. पुढे १८६३ च्या दोन कायद्यांनी, ठरावीक रक्कम दरवर्षी भरून इनाम कायम करून घेण्याचा मार्ग दिला. या कायद्यांच्या व्यवस्थेला 'समरी सेटलमेंट' म्हणतात. येथे शब्दाचा अर्थ तडजोडीच्या जवळ गेलेला दिसतो, कारण सरकारने चौकशी आटोपती घेतली आणि इनामदाराने हक्काच्या निश्चितीसाठी काही रक्कम देऊ केली.

जंगलातील 'सेटलमेंट'

जमिनीनंतर जंगलाची पाळी आली. १८७८ च्या आणि पुढे १९२७ च्या भारतीय वन कायद्याने एखादे क्षेत्र राखीव जंगल म्हणून जाहीर करण्यापूर्वी तेथील हक्कांची चौकशी करण्यासाठी 'फॉरेस्ट सेटलमेंट ऑफिसर' नेमण्याची तरतूद केली. लोकांनी आपले हक्क ठरावीक मुदतीत मांडावेत, ती मुदत तीन महिन्यांपेक्षा कमी नसावी आणि जे हक्क मांडले जाणार नाहीत व चौकशीतही उघड होणार नाहीत ते संपुष्टात यावेत, अशी ही रचना आहे. कागद नसलेल्या, लिहिता-वाचता न येणाऱ्या आणि गवत, मोह, डिंक, सरपण यांवर पिढ्यान्‌पिढ्या जगणाऱ्या समाजासाठी या रचनेचा परिणाम काय होणार हे उघड होते. येथे 'सेटलमेंट' म्हणजे हक्क निश्चित करणे आणि हक्क संपवणे या दोन्ही गोष्टी एकाच कृतीत सामावल्या.

या अन्यायाची दखल संसदेने २००६ च्या वनहक्क कायद्यात घेतली आणि पूर्वी वन हक्कांची पुरेशी नोंद झाली नाही हे त्या कायद्याच्या प्रास्ताविकातच मान्य केले. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, तेव्हा शंभरहून अधिक वर्षे 'निकालात निघालेला' प्रश्न पुन्हा उघडला गेला.

माणसांचे 'सेटलमेंट' : कुंपणातील वस्ती

जमीन आणि जंगल निश्चित करणाऱ्या राज्ययंत्रणेला न बसणारी माणसे सर्वांत अडचणीची वाटत होती. बैलांच्या तांड्यावर मीठ आणि धान्य वाहणारा बंजारा, दगड फोडणारा वडार, बुरुडकाम करणारा कैकाडी किंवा शिकारीवर जगणारा पारधी यांच्या नावावर शेताचा क्रमांक नव्हता. त्यांची जमाबंदी करता येत नव्हती. रेल्वे, मिठावरील कर आणि जंगलबंदी यांनी त्यांचे व्यवसाय हिरावले आणि त्यांची भटकंती संशयास्पद ठरली. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने संपूर्ण जमातच जन्मतः गुन्हेगार ठरवण्याचा अधिकार सरकारला दिला. प्रारंभी उत्तर हिंदुस्थानापुरता असलेला हा कायदा १९११ च्या सुधारित रूपात मुंबई इलाख्यातही लागू झाला आणि १९२४ मध्ये त्याचे एकत्रीकरण झाले.

या कायद्यात बोटांचे ठसे घेणे, हजेरी लावणे, परवान्याशिवाय हद्द ओलांडण्यास बंदी घालणे आणि जमातीला औद्योगिक, शेतकी किंवा सुधारणागृह स्वरूपाच्या 'सेटलमेंट'मध्ये ठेवणे अशा तरतुदी होत्या. मुलांना आईवडिलांपासून वेगळे काढून शाळेत ठेवण्याचीही मुभा होती. मुंबई इलाख्यात विजापूर, सोलापूर, हुबळी, गदग अशा ठिकाणी या वसाहती उभ्या राहिल्या. स्टार्ट या सनदी अधिकाऱ्याचा त्यांच्या उभारणीत मोठा वाटा होता. सोलापूरची निवड अर्थपूर्ण होती. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या चरणापासून तेथे कापडगिरण्या वाढत होत्या आणि त्यांना स्वस्त, हुकमी मजूर हवे होते. कुंपणातील स्त्री-पुरुष गिरणीत जात, ठरल्या वेळी परत येत आणि हजेरी देत. 'सुधारणा' आणि 'मजूरपुरवठा' ही दोन्ही कामे एकाच कुंपणाने साधली.

विशेष म्हणजे याच काळात 'सेटलमेंट' या शब्दाला इंग्लंड-अमेरिकेत अगदी उलट अर्थ लाभला होता. १८८४ मध्ये लंडनच्या पूर्व भागात टॉयन्बी हॉल आणि १८८९ मध्ये शिकागोत जेन अॅडम्स व एलन गेट्स स्टार यांचे हल हाऊस सुरू झाले. सुशिक्षितांनी गरिबांच्या वस्तीत जाऊन राहावे, त्यांच्याकडून शिकावे आणि त्यांना शिकवावे, या चळवळीला 'सेटलमेंट चळवळ' म्हणतात. अमेरिकन मराठी मिशनने १९२० च्या दशकात मुंबईत नागपाडा नेबरहूड हाऊस याच विचाराने चालवले. त्याचे प्रमुख क्लिफर्ड मॅनशार्ट यांच्या पुढाकारातून १९३६ मध्ये सर दोराबजी टाटा समाजकार्य शाळा उभी राहिली, तीच आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था होय. आणि सोलापूरच्या गुन्हेगार जमाती सेटलमेंटची व्यवस्थाही काही काळ याच अमेरिकन मराठी मिशनकडे होती.

एकच संस्था, एकच शब्द, परंतु दोन अर्थ. नागपाड्यात कार्यकर्ते आपल्या इच्छेने गरिबांत जाऊन बसले, तर सोलापुरात गरिबांना आणून बसवले गेले. नागपाड्यातील 'सेटलमेंट'चे दार उघडे होते, सोलापूरच्या 'सेटलमेंट'ला कुंपण होते. मिशनच्या कार्यकर्त्यांच्या सद्हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. शाळा, दवाखाना आणि नियमित मजुरी यांचा लाभ तेथील काही कुटुंबांना झालाच. तथापि सद्हेतू आणि सक्ती एकत्र आल्या म्हणजे सक्ती सौम्य दिसते, ती नाहीशी होत नाही.

मुंबई प्रांताने १९४९ मध्ये हा कायदा रद्द केला आणि ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो देशभर संपुष्टात आला. हा दिवस 'विमुक्त दिन' म्हणून पाळला जातो. महाराष्ट्राच्या यादीत या समाजाच्या १४ विमुक्त जाती आहेत. कुंपण गेले तरी त्याची छाया मात्र टिकली. सराईत गुन्हेगारविषयक कायद्यांच्या रूपाने जुनी दृष्टी पोलिसी कारभारात राहिली. लक्ष्मण माने यांच्या 'उपरा' (१९८०) आणि लक्ष्मण गायकवाड यांच्या 'उचल्या' (१९८७) या साहित्य अकादमी पुरस्कारप्राप्त आत्मकथनांनी हे वास्तव मराठी वाचकासमोर आणले. रेणके आयोगाने २००८ मध्ये आणि त्यानंतर इदाते आयोगाने या समाजाच्या प्रश्नांची मांडणी केली. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंग नियमावलींमधील जातिभेद घटनाबाह्य ठरवताना विमुक्त जमातींना सराईत गुन्हेगार मानणाऱ्या उल्लेखांचीही दखल घेतली. कायदा रद्द झाल्यानंतर ७२ वर्षांनी असा निर्णय द्यावा लागतो, यावरून तो शिक्का किती खोल होता याची कल्पना येते.

सोलापुरात 'सेटलमेंट फ्री कॉलनी' हे नाव आजही पत्त्यात लिहिले जाते. कुंपणाबाहेरच्या, तुलनेने मोकळ्या वस्तीला 'फ्री' हे विशेषण लागले होते. 'बसवलेली' आणि 'मोकळी' हे दोन परस्परविरोधी शब्द एका पत्त्यात शेजारी शेजारी राहिले. या अर्थासाठी मराठीने पर्याय का शोधला नाही, याचे उत्तर येथे सापडते. 'वसाहत' हा शब्द वसण्याशी जोडलेला आहे आणि वसणे ही स्वेच्छेची क्रिया आहे. 'तुरुंग' म्हणावे तर तेथे कोणालाही न्यायालयाने शिक्षा ठोठावलेली नव्हती. मराठीच्या अनुभवात नसलेली संस्था तिच्या परक्या नावासह आली आणि तशीच राहिली.

पाया आणि बाजार

सत्तेशी थेट संबंध नसलेल्या क्षेत्रांतही हा शब्द पाहणे उद्बोधक ठरते. स्थापत्यशास्त्रात इमारतीच्या भाराने जमीन दबून पाया खाली जाण्याला 'सेटलमेंट' म्हणतात. कार्ल टर्झागी यांनी १९२५ मध्ये मृदायांत्रिकीवरील ग्रंथात मातीतील पाणी हळूहळू बाहेर पडून ती कशी दबते याचा सिद्धान्त मांडला. पाया सर्वत्र सारखाच दबला तर इमारतीला फारसा धोका नसतो. तो एका बाजूला अधिक दबला म्हणजे भिंतींना तडे जातात. दख्खनच्या काळ्या मातीत, जी पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, घर बांधणाऱ्याला हा अनुभव नवा नाही. यासाठी मराठी कारागिराचा 'बसणे' हा शब्द मूळ धातूच्या अर्थाशी नकळत जुळतो.

शेअर बाजारात 'सेटलमेंट' म्हणजे खरेदीदाराला समभाग आणि विक्रेत्याला पैसे पोहोचणे. भारतीय बाजारात पूर्वी ठरावीक कालावधीतील सर्व व्यवहार एकदम पुरे केले जात. २००१ पासून प्रत्येक दिवसाचा व्यवहार स्वतंत्रपणे पुरा करण्याची पद्धत आली. एप्रिल २००३ पासून त्यासाठी दोन कामकाजाचे दिवस लागत आणि २७ जानेवारी २०२३ पासून हा अवधी सर्व समभागांसाठी एक दिवसावर आला. येथे दोन्ही पक्षांची देणी पुरी होईपर्यंत व्यवहार संपला असे मानत नाहीत. न्यायालयीन तडजोडीतही दोघांची संमती लागते. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याखालील लोकअदालत त्याच तत्त्वावर चालते.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते की 'सेटलमेंट' या शब्दाचे अर्थ अनेक असले तरी प्रत्येक ठिकाणी तीन प्रश्न विचारता येतात : कोण निश्चित करतो, कोणाचे निश्चित होते आणि ज्याचे निश्चित होते त्याची संमती घेतली जाते काय? बाजारात आणि लोकअदालतीत संमती ही पूर्वअट आहे. जमाबंदीत ती नव्हती, परंतु शेतकऱ्याच्या हाती निदान शेताचा क्रमांक पडला. जंगलात मुदत संपताच हक्क संपला आणि सोलापूरच्या कुंपणात माणसाचे स्वातंत्र्यच संपले. इंग्रजीत हे सारे एका शब्दाखाली झाकले जाते, मराठीत निराळे पर्याय शोधावे लागल्यामुळे ते वेगळे होऊन दिसते.

आजच्या बोलीत 'मुलगा सेटल झाला' असे कौतुकाने म्हटले जाते. स्थैर्याची ही आकांक्षा स्वाभाविकच आहे. परंतु ज्या समाजाला कायद्याने बसवले आणि ज्याच्या अनेक कुटुंबांना आजही स्वतःच्या नावाचा घराचा उतारा मिळालेला नाही, त्याच्या दृष्टीने या शब्दाचा हिशेब अद्याप पुरा झालेला नाही. तो पुरा करायचा तर मूळ धातूतील दुसऱ्या टोकाकडे, म्हणजे बसवण्याकडून बसण्याकडे, यावे लागेल.